ठकूबाईचा चेहरा

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

माझ्या मुलाने, बद्रीने, दिवाळीला ही डायरी आणून दिली. त्याच्या कंपनीची आहे. वर्ष संपायला दीड महिना राहिला असताना डायरी देतात का कुणी? तसं म्हणालो तर म्हणाला, "दादा, तुम्ही एकटेच भिंतीशी बोलत बसता, त्यापेक्षा हिच्यात लिहा." मी भिंतीशी बोलत नाही. कुठली वस्तू कुठं ठेवली ते स्वतःला सांगत असतो, म्हणजे नंतर सापडते.

डायरी हरवली तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. पुंजाराम निकम, मूळ गाव कन्नडजवळ, राहणार कुंभारवाडा, औरंगाबाद. काम नाटकातल्या लोकांची तोंडं रंगवण्याचं. पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी अठरा वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दूत. मराठी नंतर नाटकांच्या वह्या वाचून वाचून आलं. त्यामुळे माझ्या लिहिण्यात कुठं नाटकातल्यासारखं बोलणं आलं तर हसू नये.

छापणाऱ्याने रेघा फारच फिकट छापल्या आहेत. दोन ओळींची जागा घेऊन लिहावं लागतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

राज्य स्पर्धेत आमच्या मंडळाचं नाटक ११ डिसेंबरला आहे. तालमी औरंगपुऱ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतात. नाटक धरणात गेलेल्या गावाचं आहे. ठकूबाई नावाची बाई गाव सोडायला तयार होत नाही. पहिल्या अंकात ती पस्तीस वर्षांची, दुसऱ्या अंकात सत्तरीची. मध्ये दहा मिनिटांचं मध्यंतर. त्या दहा मिनिटांत मी पस्तीस वर्षं चढवायची. ठकूबाईचं काम उमाबाई करतात. त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका आहेत. अकरा वर्षांपासून माझ्या खुर्चीत बसतात.

आज तालीम संपल्यावर मधुसूदनरावांनी मला बाजूला घेतलं. ते जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत आणि आमचे दिग्दर्शक. म्हणाले, "बाबा, पुण्याहून शिकून आलेल्या एक बाई आहेत. स्पर्धेपुरतं त्यांना बोलवू या का? तुम्हाला मदतीला."

मी म्हणालो, "कशाला मदत?"

"तसं नाही हो. दुसऱ्या अंकाचं काम नाजूक आहे, म्हणून."

तेवढ्यात उमाबाई आल्या आणि म्हणाल्या, "सर, बाबांशिवाय मी तोंडाला रंग लावून घेणार नाही. मग ठकूबाई दुसरी बघा." मधुसूदनराव म्हणाले, "बरं. जबाबदारी तुझी." जबाबदारी तिची कशी? रंग मी लावणार.

घरी येताना दोनदा परत फिरून हॉलच्या खिडक्या लावल्या आहेत का ते पाहिलं. लावल्या होत्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

बद्री बजाजनगरहून आला होता. तिकडंच राहायला चला, हे त्याचं दर वेळचं. तिकडं जाऊन मी काय करू? सगळे शिफ्टला जातात, सून शिवणाच्या क्लासला. इथं निदान हॉल जवळ आहे.

मग डोळ्यांचं काढलं. "दादा, तुम्ही मघाशी चहात साखरेऐवजी मीठ घालत होता."

"डबे सारखे आहेत."

"एक निळा हाये, एक लाल."

मी म्हणालो, डोळ्यांना काही झालं नाही, खोलीतला बल्ब कमी पॉवरचा आहे, तो बदलून दे. त्याने शंभराचा बल्ब आणून लावला. फारसा फरक पडला नाही. हल्ली बल्बसुद्धा चांगले मिळत नाहीत. बद्रीची आई, सरू, होती तेव्हा साठच्या बल्बखाली बसून टोपांना केस गुंफायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली. तिने गुंफलेला एक पांढरा टोप अजून पेटीत आहे. उमाबाईला तोच लावणार.

१ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम झाली. सकाळी नऊपासून बसलो.

आधी फकिरा. हा एसटीत कंडक्टर, नाटकात अमीन होतो, गाव खाली करायची नोटीस घेऊन येतो. त्याला मिशी चिकटवली. तो म्हणाला, "पुंजाबा, मिशी येक बाजूनं कन्नडला निघाली अन् दुसरी पैठणला." सगळे हसले. डिंक नवीन आहे, धरायला वेळ लागतो. मी काढून परत लावायला लागलो तर म्हणाला, "राहू द्या राहू द्या, मी बोटानं दाबून धरतो," आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा मिशी बरोबर बसली होती. म्हणजे डिंकाचंच कारण.

मग उमाबाई. माझी पद्धत अशी की म्हातारपणाच्या रेघा मनाने काढायच्या नाहीत. आधी सांगायचं, कपाळाला आठ्या घाला, डोळे बारीक करा, कडू औषध घेतल्यासारखं तोंड करा. प्रत्येक चेहऱ्यावर कुठं म्हातारपण येणार ते आधीच ठरलेलं असतं. ती जागा धरायची आणि तिथं पेन्सिल फिरवायची. हे मला सांडू पेंटरने शिकवलं. तो गुलमंडीच्या गणपतीत गॅसच्या बत्तीखाली सफेदा आणि पिवडी खोबरेलात खलून तोंडं रंगवायचा. त्याचा दुसरा नियम आरशाचा. काम संपेपर्यंत नटाने तोंड बघायचं नाही. अर्धवट तोंड बघितलं की नट मनातूनही अर्धवट होतो. आरसा रंगवणाऱ्याने स्वतःच्या हाताने द्यायचा.

काम झाल्यावर मी उमाबाईला आरसा दिला. म्हणालो, "बघा, जमलं का?"

तिने बघितलं. "झकास, बाबा." मग म्हणाली, "मी पाणी पिऊन येते."

पाणी प्यायला तिला बराच वेळ लागतो. पण तिकडून आली आणि लाइटखाली उभी राहिली तेव्हा मी पाहतच राहिलो. खुर्चीत जो नुसता डाग दिसत होता त्याची तिथं म्हातारी झाली होती. लाइटात माझं काम खुलतं, हे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

काळी पेन्सिल सापडत नव्हती. तीन तास शोधली. पेटीतच होती, तपकिरीच्या कप्प्यात. मीच ठेवली असणार. पण मी असं ठेवत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

उद्या. सकाळपासून काही खाल्लं नाही. पेटी चार वेळा लावली. त्या पुण्याच्या बाई उद्या प्रेक्षकांत बसणार आहेत असं कळलं. बसू देत.

११ डिसेंबर, बुधवार

झालं. सविस्तर लिहितो.

दुपारी तीनला नाट्यगृहावर गेलो. पहिल्या अंकाचं काम सोपं. मध्यंतर झालं, उमाबाई धावत खुर्चीत येऊन बसली. मी टोप चढवला, रेघा घेतल्या, डोळ्यांखाली सावली भरली, गालाची हाडं काढली. कुणीतरी फोटो काढत होतं, त्याच्या झगमगाटाने मी दोनदा थांबलो. सात मिनिटांत सगळं. आरसा दिला. "बघा, जमलं का?" ती हसून "झकास" म्हणाली आणि पळाली. तिसरी घंटा व्हायला चार मिनिटं उशीर झाला. मधुसूदनराव दारात येरझाऱ्या घालत होते. मी विचारलं, घंटा का देत नाहीत? ते म्हणाले, "पाणी पितेय ती." मला काळजी वाटली, या बाईला साखरेचा विकार तर नाही?

दुसरा अंक मी विंगेतून ऐकला. गावात पाणी शिरतं आणि ठकूबाई उंबऱ्यावर बसून राहते, तिथं हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

नंतर सगळे चहाला पैठण गेटकडे गेले. मला बोलावलं होतं, पण पेटी आवरायची होती. आवरून बाहेर आलो तर कुणी नव्हतं. पेटी घेऊन चालत घरी आलो.

२० डिसेंबर, शुक्रवार

निकाल लागला. नाटक दुसरं आलं. रंगभूषेचं पहिलं बक्षीस: पुंजाराम निकम.

माझं नाव माईकवर आलं तेव्हा मी उठलोच नाही. मला वाटलं दुसरा कुणी निकम असेल. फकिराने कोपर धरून उभं केलं आणि स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आणलं, वर चढवलं, पाहुण्यांसमोर नेऊन उभं केलं. कोपर सोडलंच नाही. फार जीव आहे त्याचा. परीक्षक म्हणाले, ठकूबाईचं वार्धक्य रेघारेघांतून बोलत होतं. मी हात जोडले. फकिराने हळूच सांगितलं, "पुंजाबा, पाव्हणे हिकडं हायेत," आणि मला थोडं वळवलं.

चाळीस वर्षांत पहिलं बक्षीस. सरूला सांगायला पाहिजे होतं. आणखी कुणाला सांगावं ते सुचलं नाही. बद्रीला शेजाऱ्यांकडून फोन केला, तो शिफ्टला होता.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

डायरीची मागची पानं संपली. पुढची, जानेवारीपासूनची, कोरीच आहेत. तिथं लिहितो. वार जुळत नाही, चालेल.

तालमी बंद आहेत. नाटक संपलं की असंच होतं. माणसं रोज भेटतात, हसतात, आणि पडदा पडला की दोन-दोन महिने कुणाचा पत्ता नाही. त्यांना घरं आहेत. मी रोज संध्याकाळी हॉलवरून चक्कर मारतो. आत बॅडमिंटन चाललेलं असतं.

१२ जानेवारी, रविवार

बद्री आला. प्रमाणपत्र भिंतीला लावलं होतं ते पाहून तो तिथंच उभा राहिला. मला वाटलं, बापाचं नाव वाचून भरून आलं. म्हणाला, "दादा, हे उलटं टांगलंय."

मी म्हणालो, घाईत झालं असेल. त्याने ते सरळ केलं आणि माझ्यासमोर तीन बोटं धरली. "किती?" मी हात झटकला. तो म्हणाला, "डोळ्यांच्या शिबिरात नाव टाकून आलोय. मंगळवारी, एकवीस तारखेला. आता तुमचं काही ऐकायचं नाय." आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस. त्यामुळे हो म्हणालो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महिनाभर लिहायला मनाई होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा पावसाळ्यानंतर. मोतीबिंदू पिकून खडा झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. विचारलं, "आजोबा, इतके दिवस तुम्हाला दिसत काय होतं?" मी म्हणालो, सगळं.

आज नवीन चष्मा मिळाला. माझ्या खोलीची भिंत हिरवी आहे. मी ती पिवळट धरून चाललो होतो. बल्ब चांगला आहे. डायरीच्या रेघा ठळक आहेत. मागची पानं चाळली. माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, काही ठिकाणी मलाच वाचता येईना.

आता मला काम आणखी चांगलं करता येईल. मधुसूदनरावांना सांगायला हवं.

२ मार्च, रविवार

मधुसूदनरावांच्या घरी गेलो. चष्मा पाहून त्यांना आनंद झाला. नाटकाचे फोटो आले होते. "बघत बसा, मी चहा सांगतो," म्हणून ते आत गेले.

पहिलाच फोटो ठकूबाईचा. उंबऱ्यावर बसलेली. मी पाहिला आणि खूष झालो. मग चष्मा पुसून परत पाहिला.

ओठांच्या कडेची रेघ मी खालून वर ओढतो, सांडू पेंटरसारखी, आणि शेवटाला बोटाने पुसून टाकतो. ही रेघ वरून खाली आली होती. कपाळावरच्या आठ्या मी मध्ये तोडतो. या अखंड होत्या. काम उत्तम होतं. पण हात माझा नव्हता. चाळीस वर्षं एकच काम केल्यावर आपला हात आपल्याला कळतो.

त्याच्यामागे दुसरा फोटो होता. मध्यंतरातला, खुर्चीतला. मी उभा आहे, उमाबाई बसलेली आहे, तिच्या हातात आरसा. तिच्या एका भुवईवर आणखी एक भुवई. एक रेघ गालावरून निघून कानात गेलेली. डोळ्यांखाली भरायची सावली एका बाजूला नाकावर. हा हात माझा.

आणि ती आरशात बघून हसते आहे. तेव्हाच ती झकास म्हणाली असणार.

मधुसूदनराव चहा घेऊन आले. मी म्हणालो, फोटो छान आहेत. चहा पिऊन निघालो.

३ मार्च, सोमवार

फकिराला बसस्टँडवर गाठलं. त्याची गाडी कन्नडला सुटायची होती. विचारलं, "फकिरा, खरं सांग. तुझी मिशी कोण सरळ करत होतं?"

तो तिकिटाची पेटी गळ्यात अडकवत होता. थांबला. "मीच. बाथरूमच्या आरशात. दर खेपंला."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. दोन वर्सं झाली, पुंजाबा." मग म्हणाला, "तुमच्यावर कुणी हसलं नाय. माझ्या मिशीवर हसलो, त्ये सोडा." ड्रायव्हरने हॉर्न दिला. फकिरा पायरीवर चढला आणि वाकून म्हणाला, "येता का कन्नडला? वारं लागंल जरा."

मी नाही म्हणालो.

दोन वर्षं. म्हणजे मागच्या वर्षीचं नाटकही. त्याच्या आधीचंही. मी किती जणांना विचारत फिरलो, काम कसं झालं, आणि सगळे चांगलं म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

प्रमाणपत्र काढून ठेवलं. परत करायचं तर कुणाकडे, कुठल्या कचेरीत, अर्ज कसा लिहायचा, काही माहीत नाही. नाव बदलून देतात का? विचारलं तर मंडळाचं बक्षीस रद्द व्हायचं. माझ्या एकट्याच्या लाजेपायी सगळ्यांचं जायचं. दिवसभर दार लावून बसलो. कुणी आलं नाही.

९ मार्च, रविवार

उमाबाईच्या घरी गेलो. खडकेश्वरला राहतात त्या. वाटेत दोनदा परत फिरलो. दार तिच्या सासूबाईंनी, यमुनाबाईंनी उघडलं. उमाबाई वह्या तपासत होती. मला पाहून उठली आणि चष्मा पाहून तिथंच थांबली. तिला कळलं.

मी म्हणालो, "तुमच्या कामावर माझं नाव लागलं."

ती म्हणाली, "बसा ना, बाबा."

"तुम्ही सांगायचं होतं. मी म्हातारा आहे, तान्हा नाही."

"सांगणार होते. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच वेळी. तुम्ही रेघ पार कानापर्यंत नेली होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही आरसा दिलात आणि विचारलंत, बघा, जमलं का?" तिने हातातली वही मिटली. "नऊ वर्षं तुम्ही मला आरसा देत होता. त्याआधी एकदाही विचारलं नव्हतं. नुसता द्यायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. म्हणून मग मी झकास म्हणाले. आणि एकदा म्हटल्यावर परत कसं फिरायचं?"

मला आठवेना, मी आधी विचारत नव्हतो का ते. नसेन.

मी आणलेली पेटी उघडली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. "करून दाखवा."

"काय?"

"ठकूबाईचा चेहरा. माझ्यावर. कसा केलात ते मला बघायचं आहे."

तिने खूप नाही म्हटलं. शेवटी पदर खोचला. यमुनाबाई दारातून म्हणाल्या, "अगं, पुंजाबांना आणखी कशाला म्हातारं करतेस? होतील की आपोआप."

उमाबाई हसली. मी म्हणालो, हनुवटी धरा, नाहीतर तोंड हलतं. तिने धरली. बोटं गार होती, खडूचा वास होता. एवढ्या वर्षांत मी हजारो हनुवट्या धरल्या, पण माझी कुणी धरली नव्हती. सरूने तरी कशाला धरली असती? मला कुठं बघावं ते कळेना, म्हणून डोळे मिटले.

"डोळे बारीक करा," ती म्हणाली. "कडू औषध घेतल्यासारखं करा. नाक हलवू नका, बाबा."

मग मी चुका काढायला लागलो. डोळ्यांच्या कडेच्या रेघा तिने तीन काढल्या, तिन्ही सारख्या जाड. म्हणालो, मधली जाड, वरची-खालची बारीक, नाहीतर मांजराच्या मिशा दिसतात. तिने पुसल्या आणि परत काढल्या. परत पुसल्या. आठ्या तोडायला सांगितल्या, ती म्हणाली, माझ्या कपाळाला अखंडच पडतात, तुम्हीच म्हणता ना, मनाने काढायच्या नाहीत. हे बरोबर होतं. कबूल केलं. दोन तास गेले. मध्ये यमुनाबाईंनी पोहे दिले, ते मला ओठ न हलवता खावे लागले.

निघताना म्हणालो, "पुढच्या नाटकाला पत्रिकेवर रंगभूषा उमाबाई. मी मधुसूदनरावांना सांगतो."

"आणि मी स्टेजवर असेन तेव्हा बाकीच्यांचं कोण बघणार?"

मी पेटी बंद केली. तीही मग वह्यांकडे वळली. रंग काढायला तिने खोबरेलाची वाटी पुढं केली होती. मी म्हणालो, घरी जाऊन काढतो.

औरंगपुऱ्यातून, गुलमंडीवरून तसाच चालत आलो. चार वाजले होते, ऊन चांगलं होतं. ओळखीचे निदान पंधरा जण भेटले. भाजीवाली, घड्याळजी, बॅडमिंटनवाले. कुणी थांबून पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तेवढं विचारलं, "बाबा, तब्येत बरी नाय का? लई थकलेले दिसता." बाकावर बसवलं, चहा पाजला, बद्रीला फोन करू का म्हणून विचारलं.

घरी येऊन आरशासमोर बसलो आहे. अजून पुसलं नाही. भर उन्हात, हातभर अंतरावरून रंग कुणाच्या लक्षात आला नाही, हे उमाबाईला उद्याच जाऊन सांगायला पाहिजे. आणि स्टेजला यापेक्षा गडद लागतं, तेही सांगायचं आहे. ते ती विसरली.